उष्णता जाते कुठे?

डबीतल्या कापसावर तो आडवा पडला होता — तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा लांब, चारी कडा तासलेल्या, आणि असा आरपार की त्याच्याखालचे कापसाचे धागे दिसावेत... स्वरालीने डबी खिडकीकडे कलती केली. टोकाशी उजेड चमकला, विझला. शेजारच्या डबीत दुसरा स्फटिक, तोही हुबेहूब तसाच. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या म्हणून बरं. नाहीतर डोळ्यांनी पाहून, बोटांत धरून, अगदी ओठाला टेकवूनही कोणता कोणता हे कळायची सोय नव्हती. एक निर्मळ होता. दुसऱ्यात शंभरातल्या दोनेक जागी टर्बियमचे आयन बसवलेले होते — कुणाला कधी दिसणार नाहीत असे कण, पण प्रत्येकाच्या पोटात स्वतःचं चिमुकलं लोहचुंबक. एरवी दोघांत फरक म्हणून नाही. तो कळायचा पुण्याच्या यंत्रात घालून उणे दोनशे साठच्याही खाली गारठवल्यावर. तेव्हा निर्मळ स्फटिकातून उष्णता पाटाच्या पाण्यासारखी वाहायची आणि दुसऱ्यात ती वाटेतच कुठेतरी घोटाळायची. या घोटाळण्यावर स्वरालीची पीएचडी चालली होती.

आईने चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि सकाळी सकाळी खडीसाखर काढली का, म्हणून रोजची थट्टा केली. स्वराली हसली नाही. आज बारामतीला, ती जिथे शिकवते त्या कॉलेजात, समितीपुढे या दोन डब्यांबद्दल बोलायचं होतं. पण नजर डब्यांवर असली तरी लक्ष सगळं पलंगावरच्या घोंगड्याकडे होतं. घटकेपूर्वी आबांनी, तिच्या वडिलांनी, ते आणून तिच्या पिशवीशेजारी ठेवलं होतं — ठेवलं म्हणजे टाकलं, वाटेत लागलेली वस्तू बाजूला करावी तसं.

"हे दे त्येला. तिकडं थंडी आसती." आणि दाराशी गेल्यावर पाठमोरेच थांबून, "मी दिलं म्हणू नगं."

'त्येला' म्हणजे नागेशला, तिच्या थोरल्या भावाला. आबांच्या तोंडात त्याचं नाव येत नसे. नागेश लोणी देवकरच्या कारखान्यात होता आणि तिथेच खोली घेऊन राहायचा. आता कंपनीनं त्याला उत्तराखंडातल्या नव्या प्लांटवर धाडायचं ठरवलं होतं, दोन-तीन वर्षांसाठी तरी. उद्या पहाटे तो निघणार होता आणि आज संध्याकाळी बहिणीला भेटायला निमगाव केतकीच्या फाट्यावर येणार होता. फाट्यावर. घरी नाही. फाट्यापासून घर हाकेच्या अंतरावर, पण ते हाक मारणाऱ्यांसाठी.

घोंगडं नवंकोरं होतं, काळंभोर, घडी न मोडलेलं. शेवटच्या कातरणीची लोकर आईने सूत काढून ठेवली होती, ती आबांनी सणगराकडून विणून आणलेली, हे स्वरालीला ठाऊक होतं. ते ट्रंकेच्या तळाशी कुणासाठी राखून ठेवलंय हे मात्र तिने कधी विचारलं नव्हतं. त्याला चिंचोक्याच्या खळीचा वास होता, आणि त्या वासाखाली आणखी एक, तो मात्र जाता जात नाही... मेंढरांचा.

घरात मेंढरं होती तोवर आबा घरात नसायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे आणि मृगाच्या तोंडावर परतायचे. मग चहूकडे ऊस झाला, चराईची रानं गेली, रस्ता रुंद झाला तसे ट्रकही माजले, आणि आबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. ते बारामतीला दवाखान्यात होते त्याच आठवड्यात नागेशने कळप विकला. त्याचं काही खोटं नव्हतं. राखणार कोण होतं? तो पाळीवर जायचा, ही कॉलेजात. पण खरं असलं म्हणून काय झालं — आबा घरी आले आणि त्यांना मेंढरांभोवती लावायची जाळी खुंटीला गुंडाळून ठेवलेली दिसली. टाके ओले होते, तरी तसेच बिरोबाच्या देवळात गेले, मूठभर भंडारा उचलला आणि चार माणसांदेखत म्हणाले, "ह्या तोंडानं त्येच्याशी बोलणार न्हाय."

शपथ घेताना माणसाला जेवणाची वेळ आठवत नाही. त्याच रात्री बाप-लेक एका ओळीत जेवायला बसले, मधे स्वराली. आबा ताटाकडे बघत म्हणाले, स्वराली, त्येला म्हणावं मोटार बंद कर. नागेश हातभर अंतरावर. त्याला ऐकू गेलं होतं, भाकरीचा घास तसाच हातात राहिला होता. पण तो हलला नाही. स्वराली म्हणाली, दादा, मोटार बंद कर. तेव्हा तो उठला, आणि उठता उठता म्हणाला, आबांना सांग, लाइट आत्ता आलीय. मग तिने मान दुसरीकडे वळवली आणि सांगितलं, आबा, लाइट आत्ता आलीय... आधी हसू यायचं. आई तर पदर तोंडाला लावायची. नवऱ्याचा भंडारा तो आपलाही, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं, त्यामुळे तीही लेकाशी थेट बोलेना. पिठलं करायची आणि म्हणायची, वाढ बाई त्याला. चार दिवसांत हसू आटलं आणि रीत उरली. पुढे नागेश कारखान्याजवळ खोलीवर राहायला गेला, तरी ही रीत दोन वर्षांवर चालली होती. सुंभ जळाला होता, पीळ तसाच होता, आणि त्या पिळात स्वराली.

पुण्याच्या संस्थेत राहायला खोली मिळत होती, ती तिने घेतली नाही. यंत्रावर पाळी लागली की एक-दोन रात्री जायची, आणि परत आली की घरात शब्द तुंबलेले असायचे. आबा ओसरीवर तिच्या चपला वाजायची वाट बघत. फोनवर नागेशचे न घेतलेले कॉल. दोघांनाही तिच्याशी बोलायचं नसायचं... तिच्यातून बोलायचं असायचं. स्थळं आली. आईच म्हणाली, तू गेल्यावर ह्या घरात बोलंल कोण? ती हे सहज म्हणाली, म्हणजे पाण्याचा हंडा कोण भरेल अशा चालीवर. अडकित्त्यात सुपारीला काही विचारत नाहीत. स्वरालीला राग आला होता. तो तिने गिळला, कारण तो कुणाकडे पोचवायचा हे तिलाच ठरवावं लागलं असतं.

बसमध्ये तिने घोंगडं मांडीवर घेतलं. अंथुर्णे गेलं, लासुर्णे गेलं. उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी ढुशा मारत होती. मांडी हळूहळू गरम झाली. घोंगडं स्वतः गरम नसतं, हे ती दरवर्षी पोरांना शिकवायची — ऊब आपलीच, ते फक्त जाऊ देत नाही.

परवा नागेशचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झालं, मग तो थांबला. थांबला की काय येणार हे तिला कळायचं. "स्वरे, आबांस्नी इचार, जायच्या आदी घरी येऊन जाऊ का. पर मी इचारलंय म्हणू नगंस." तिने व्हय म्हटलं. जेवताना शब्द जुळवले: दादा चाललाय म्हणे, लांब आहे. यात विचारणं कुठेच नव्हतं, ते तिच्यातच राहिलं होतं — पण तो म्हणाला होता ना, विचारलंय म्हणू नकोस? आबा म्हणाले, जाऊ दे. त्यांच्या 'जाऊ दे'चे अर्थ तिला पाठ होते, हा रागातला नव्हता हेही कळलं होतं. घास तोंडाशी नेता नेता ते थांबले होते. पण नागेशला तिने कळवलं ते एवढंच, की येण्याबद्दल आबा काही बोलले नाहीत. आणि हे खरंच होतं. दोन वर्षांत ती कधी खोटं बोलली नव्हती. आबांचं 'मरू दे तिकडं' तिने तसंच्या तसं कधी नेलं नाही. नागेश एकदा रडला होता फोनवर, तेही आणलं नाही. सगळं कोमट करून इकडून तिकडे. बरे आहेत. बरा आहे. विचारत होते. विचारत होता.

मग ते बाकीचं कुठे गेलं? हे आठवताना तिला आपोआप ताठ बसावं लागलं. कारण ते आठवत होतं. आबांनी शिव्या घातल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने वर्गात एका मुलीला, परीक्षानळी फुटली एवढ्यावरून, असं सोलून काढलं होतं की वर्ग हबकला. आणि नागेश रडला त्या आठवड्यात, याच बसमध्ये, शेजारणीच्या मांडीवरचं पोर झोपेत तिच्या अंगावर कललं, तर ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली होती, इतका वेळ, की ती बाई संशयाने बघायला लागली... ती माया त्या पोराची नव्हती. तो राग त्या मुलीचा नव्हता. बारामती आली तेव्हा कंडक्टरला दोनदा हाक मारावी लागली.

समितीत तिघे होते, पण विचारायचे ते मोहनराव सरच. स्वरालीचे मार्गदर्शक, निवृत्तीला आलेले, खडूचा हात शर्टाला पुसणारे. तिने फळ्यावर स्फटिक काढला, एका टोकाला चिमुकली शेगडी, पुढे दोन तापमापक. उष्णता म्हणजे स्फटिकातल्या अणूंचं थरथरणं, ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं, असं ती सांगत होती, आणि फळ्यावरच्या ओळीत मांडलेल्या ठिपक्यांतून तिला एकाएकी दुपारचं रान दिसलं — उन्हाला कंटाळून एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गच्च उभी राहिलेली मेंढरं. ती आणि नागेश कडेच्या मेंढराला काठीने हळूच टोचायचे आणि पळत दुसऱ्या कडेला जायचे. टोचलेली शिरशिरी पाठींवरून सरकत तिथवर यायची, सावकाश, न चुकता. मधे शेळी असली की मात्र खेळ फसायचा. शेळी अंगाला लागलेली शिरशिरी पुढच्याला द्यायची नाही. तीनताड उडायची आणि भलत्याच बाजूच्या मेंढरावर जाऊन आदळायची. नागेश म्हणायचा, ही शेळी आपल्या स्वरीवानीच हाय...

"मग उष्णता जाते कुठे?" सरांनी विचारलं होतं. बहुधा दुसऱ्यांदा. "या आयनांपाशी साठते का?"

"नाही सर. त्यांच्याजवळ काहीच राहत नाही." आपला आवाज तिला जरा लांबून ऐकू आला. "कंपन येतं, आयन ते घेतो, क्षणभर वरच्या पायरीवर चढतो आणि उतरताना तेवढंच परत देतो. हिशोबात चोरी नाही. फक्त ते कुठून आलं होतं आणि कुठे निघालं होतं, हे त्याच्या लेखी उरत नाही. मिळेल त्या दिशेला देतो."

"आणि बाहेरून मोठं चुंबकक्षेत्र लावलं, की?"

"मग त्याच्या पायऱ्या लांब लांब होतात. येणाऱ्या कंपनात तेवढ्या उडीचं बळ नसतं, त्यामुळे ते त्याच्यापाशी थांबतच नाही. थेट जातं. उष्णता पुन्हा वाहायला लागते."

"आयन कुठे जात नाही."

"नाही सर. जागेवरच असतो."

सरांनी मान डोलावली आणि हे असंच प्रबंधात लिहा म्हणाले. बाकीच्यांनी आलेखाच्या अक्षांबद्दल काही विचारलं, तिने उत्तरं दिली. सगळं छान झालं. नंतर स्टाफरूममध्ये चहा घेताना तिचे हात असे गार पडले होते की कप दोन्ही तळव्यांत धरून बसावं लागलं, आणि समोरच्या खुर्चीवर घडी घातलेलं घोंगडं तिच्याकडे बघत होतं. हे मी दिलं म्हणायचं. आबांची ऊब माझ्या नावावर. तो म्हणेल, कशाला गं खर्च केलास. मी म्हणेन, असू दे. मग मी घरी जाईन, आबा विचारतील, मी म्हणेन, घेतलं त्याने. झालं. तो जाईल... तिकडे त्या बर्फात तो आपल्या बापाचं घोंगडं बहिणीचं म्हणून पांघरेल, आणि बाप इथे म्हणेल, साधं विचारलं नाही पोरानं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिला पहिल्यांदाच वाटलं, हे घर मला सोडत नाही हे खरं, पण मी तरी त्याला कुठे सोडलंय? गिळलेलं सगळं माझं. दोघांच्याही मनातलं फक्त मला ठाऊक. दुसऱ्या कुणाला नाही. या विचाराला एक बारीकशी गोड चव होती, आणि ती चव ओळखीची आहे हे कळल्यावर तिने कप खाली ठेवला.

फाट्यावर पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. बाजाराचा दिवस, उरलेली मेथी मातीमोल भावानं विकणाऱ्या बायका, टेम्पो, धुरळा. नागेश मोटरसायकलवर एक पाय टेकून बसला होता, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. वाळला होता. काय, झाली का खडीसाखर विकून, असं काहीतरी तो बोलला आणि तिने घोंगडं त्याच्या हातात दिलं. तिचं वाक्य तयार होतं, बसमध्ये दोनदा म्हणून पाहिलेलं. नागेशने घडी जराशी उलगडली. मग तोंडाजवळ नेली. बाजाराचा एवढा कालवा, पण त्याने श्वास घेतलेला तिला ऐकू आला.

"कुणी दिलं?"

तोंड उघडलं तेव्हाही तयार वाक्यच यायचं होतं. आलं ते दुसरंच, आणि तिच्या आवाजात नाही. घोगऱ्या, कुणावर तरी चिडल्यासारख्या आवाजात आलं.

"'हे दे त्येला. तिकडं थंडी आसती. मी दिलं म्हणू नगं.'"

एवढंच. पुढे तिने स्वतःचं काही जोडलं नाही. नागेशने घडी छातीशी धरली. त्याचा चेहरा असा व्हायला लागला की तिला नजर काढून घ्यावीशी वाटली, पण काढली नाही. तो म्हणाला, "आबांस्नी सांग..."

"मी न्हाय सांगणार, दादा. तू सांग."

"त्यांनी भंडारा उचललाय, स्वरे."

"बोलणार न्हाय म्हणून उचललाय," ती म्हणाली, आणि म्हणताना ते तिलाही नवंच होतं, "ऐकणार न्हाय असं कवा म्हणालं?"

ह्या तोंडानं बोलणार न्हाय. तोंडानं. कानांचा उल्लेख नव्हता, आणि नागेशने तर कसलीच शपथ घेतली नव्हती. तो आबांशी केव्हाही बोलू शकत होता — त्या पहिल्या रात्री, हातात घास धरून, लाइट आत्ता आलीय म्हणून. अर्धी वाट उघडी होती आणि ती सगळ्यांनी मिळून बंद धरली, कारण मधे मी बसले होते. मी बसले होते, आणि सोय होती. एवढं शिकलेली मी, दोन वर्षं रोज ते वाक्य माझ्या कानात, आणि मला हे दिसलं नाही... की दिसू दिलं नाही?

नागेशने घोंगडं टाकीवर आडवं ठेवलं. गाडीचं तोंड ना इंदापूरकडे होतं ना घराकडे, आणि त्याने किल्ली फिरवली नाही. ती नेहमी तो निघेपर्यंत थांबायची. आज थांबली नाही.

फाट्यापासून घरापर्यंत ती नेहमी एक वाक्य घडवत जायची. चालण्याचा वेग त्या वाक्याला बेतलेला होता. ते जमलं की घर यायचं. आज पाय चालत होते आणि डोक्यात वाक्य नव्हतं. मोकळं वाटायला हवं होतं. वाटत होती थंडी — मांडीवरचं घोंगडं उचलून नेल्यावर वाटते तशी, त्याच जागी. ते दोघे एकमेकांशी बोलले तर मला कोण काय सांगेल? आबा ओसरीवर कुणाची वाट बघतील? भीती होती ती. तिने तिला भीतीच म्हटलं, कोमट केली नाही.

आबा ओसरीवरच होते. तिच्या चपला वाजल्या तशी त्यांनी मान वर केली. "दिलंस?"

"व्हय."

ते थांबले. पुढचं यायचं होतं, नेहमी यायचं. बरा आहे, विचारत होता, जपून राहा म्हणाला. ते शब्द तिच्या जिभेशी येऊन उभे होते, एकाला एक खेटून, आणि तिने खांबाला पाठ लावून ओठ मिटून धरले. आबांच्या तोंडावर नुसतं वाट बघणं होतं, इतकं उघडं की पाहवेना. गेल्या दोन वर्षांत ते कुणाला दिसलं नसेल, कारण ते दिसायच्या आधीच ती काहीतरी बोलून टाकायची. क्षण गेला. आणखी एक. मग ती नजर तिच्यावरून हलली. तिला ओलांडून, अंगणापलीकडे, फाट्याकडून येणाऱ्या रस्त्यावर गेली आणि तिथेच राहिली.

तिला कडकडून थंडी वाजली. ती हलली नाही. जागेवरच होती.